विजरईंची फलकचित्रे आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

१

जुन्या चित्राची दुरुस्ती हा कारागिराचा विषय आहे, अभ्यासकाचा नव्हे, असा एक समज आपल्याकडे रूढ झालेला आहे. चित्र कोणी काढले, केव्हा काढले, त्याची शैली कोणत्या परंपरेतील, हे प्रश्न अभ्यासकाचे. फळी का वाकली, रंगाचा पापुद्रा का सुटला, वार्निश का पिवळे पडले, हे प्रश्न सुताराचे व रसायनज्ञाचे, अशी ही वाटणी आहे. वरवर पाहता ती सोयीची वाटते. परंतु ज्या चित्रावर शतकानुशतके एकावर एक हात फिरले आहेत, अशा चित्रापुढे उभे राहिले की ही वाटणी टिकत नाही. आपण ज्याची शैली ठरवू पाहतो तो चेहरा मूळ चित्रकाराचा की तीनशे वर्षांनंतरच्या दुरुस्तीकाराचा, हेच ठरलेले नसेल, तर शैलीची सारी चर्चा वाळूवरची ठरते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात गोव्यातील पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांच्या चित्रमालिकेचे उदाहरण घेतले आहे. मराठ्यांच्या कागदपत्रांत या अधिकाऱ्यांना ‘विजरई’ म्हटले जाई. तोच शब्द येथे वापरला आहे. ही मालिका निवडण्याची कारणे दोन. एक, लाकडी फलकांवर तैलरंगात काढलेल्या चित्रांचा इतका जुना आणि इतका सलग संग्रह मराठी मुलखाच्या आसपास दुसरा दाखविता येणे कठीण. दुसरे, या चित्रांच्या निर्मितीविषयी समकालीन लेखी साक्ष उपलब्ध आहे; त्यामुळे मूळ काय होते आणि पुढे त्याचे काय झाले, या दोहोंमधील अंतर मोजण्याची संधी येथे मिळते.

२

प्रथम ही साक्ष तपासू. दीवच्या वेढ्यात विजय मिळवून जुआंव द कास्त्रो १५४७ मध्ये गोव्यात मोठ्या समारंभाने परतला आणि त्याच वर्षी त्याने आपल्या पूर्वीच्या सर्व अधिकाऱ्यांची चित्रे काढविली. फ्रान्सिस्को द आल्मेदापासून मार्तिम आफोन्सो द सोझापर्यंत असे बारा अधिकारी होऊन गेले होते; कास्त्रो स्वतः तेरावा. हे काम त्याने गास्पार कोर्रेया याच्याकडे सोपविले. कोर्रेया हा व्यवसायाने चित्रकार नव्हता. तो लेखनिक व बखरकार होता, मात्र त्याला रेखाटनाची जाण होती. त्याने लिहिलेला ‘लेंदास दा इंदिया’ हा ग्रंथ लिस्बनच्या विद्वत्सभेने १८५८ ते १८६६ या काळात छापून काढला. त्यात तो सांगतो की एका स्थानिक चित्रकाराच्या हातून त्याने ही चित्रे करविली आणि ज्यांनी त्या व्यक्तींना पाहिले होते त्यांना ती ओळखता आली.

या साक्षीतील प्रत्येक शब्द वजन करून पाहण्यासारखा आहे. कोर्रेया हिंदुस्थानात आला तो १५१२ च्या सुमारास. आल्मेदाने १५०९ मध्येच अधिकार सोडला आणि १५१० मध्ये परतीच्या वाटेवर तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मारला गेला. अर्थात मालिकेतील पहिला चेहरा कोर्रेयाने येथे पाहिलेला असणे संभवत नाही. आफोन्सो द अल्बुकर्क याच्या हाताखाली त्याने लेखनिक म्हणून काम केले होते, म्हणून तो चेहरा त्याला चांगला ठाऊक होता. पण अल्बुकर्कचा मृत्यू १५१५ मधला, आणि चित्र १५४७ मधले. मधली बत्तीस वर्षे स्मरणाने भरून काढलेली. तेव्हा ही चित्रे समोर बसवून काढलेली नव्हेत. ती आठवणीवरून, वर्णनावरून आणि पाहिलेल्यांच्या संमतीवरून सिद्ध झालेली आहेत. त्यांचे प्रामाण्य आरंभापासूनच या संमतीवर उभे आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्याच्या हाताने हे काम झाले तो स्थानिक चित्रकार निनावी राहिला. त्याची जात, त्याचे गाव, त्याचे पूर्वीचे काम, काहीच कोर्रेयाने नोंदले नाही. कोकणच्या भूमीवर तैलरंगाचे पाश्चात्त्य तंत्र एतद्देशीय हाताने कसे उचलले, याचा इतका आरंभीचा आणि इतका निश्चित सनावळीचा पुरावा विरळा. तो पुरावा या फळ्यांवर, नंतरच्या रंगांच्या थरांखाली दडलेला आहे, किंवा असावा. गोव्यातील चित्रांच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न म्हणूनच केवळ पोर्तुगीज सत्ताधीशांच्या चेहऱ्यांचा नाही. तो त्या निनावी माणसाच्या हाताचाही आहे. या दुसऱ्या बाजूकडे आपल्या अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले दिसत नाही.

३

कास्त्रोने घातलेला पायंडा त्याच्यामागून चालू राहिला. प्रत्येक अधिकाऱ्याचे चित्र मालिकेत जाऊन बसू लागले. पुरुषभर उंचीची उभी आकृती, अंगावर चिलखत किंवा दरबारी पोशाख, सोबत घराण्याचे चिन्ह आणि नाव-अधिकाराचा लेख, असा साचा ठरून गेला. आरंभीची चित्रे लाकडी फलकांवरची. पुढे कापडही वापरात आले. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहिलेल्या पिरार या फ्रेंच प्रवाशाने राजवाड्याच्या दालनात ही चित्रे असल्याचे नमूद केले आहे. राजवाड्यात भेटीस आलेल्या माणसाला सत्तेची अखंड परंपरा एका दृष्टिक्षेपात दिसावी, हा या मांडणीचा हेतू उघड आहे.

पुढे जुने गोवे ओस पडत गेले. विजरईंचे वास्तव्य सतराव्या शतकाच्या अखेरीस पणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीला गेले. जुना किल्ले-राजवाडा एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. चित्रे पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात आली. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात काही फलक लिस्बनला नेण्यात आले; अल्बुकर्कचा फलक आज तेथील राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुने गोवे येथील संत फ्रान्सिसच्या मठात संग्रहालय स्थापन केले आणि मालिकेतील सुमारे साठ चित्रे तेथे मांडली गेली. आज तेथे जाणारा अभ्यासक ही चित्रे एका ओळीत पाहतो तेव्हा त्याला सोळाव्या शतकापासूनचा इतिहास पाहिल्याचा भास होतो. हा भास कितपत खरा?

४

याचे उत्तर देण्यापूर्वी लाकडाचा स्वभाव समजून घेणे अवश्य आहे. भिंत जागची हलत नाही. कापड ताणले जाते आणि सैल पडते. परंतु लाकडाची फळी झाड तोडल्यानंतर शेकडो वर्षांनीही हवेतील ओल शोषते आणि सोडते. ओल शोषली की ती फुगते, सोडली की आकसते. हे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. धाग्याच्या लांबीत ते जवळजवळ शून्य असते. वाढीच्या वर्तुळांना आडवे जाणाऱ्या दिशेत थोडे, आणि त्या वर्तुळांच्या अंगाने जाणाऱ्या दिशेत साधारणपणे त्याच्या दुप्पट. सागवान हे या बाबतीत शांत लाकूड म्हणून नावाजलेले आहे. तरी ओले सागवान पूर्ण वाळविले असता पहिल्या दिशेत सुमारे अडीच टक्के आणि दुसऱ्या दिशेत सुमारे पावणेसहा टक्के आकसते.

या आकड्यांचा अर्थ नागपूरच्या वाचकाला सहज पटेल. येथे मे महिन्याच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि श्रावणात ती ऐंशीच्या वर जाते. पहिल्या स्थितीत लाकडातील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या चार-पाच टक्क्यांवर येऊ पाहते, दुसऱ्या स्थितीत सोळा-सतरा टक्क्यांवर. सागवानाची वीतभराहून थोडी अधिक, म्हणजे तीस सेंटिमीटर रुंदीची, लाटेच्या रेघांनी चिरलेली फळी या दोन टोकांमध्ये तत्त्वतः साताठ मिलिमीटर कमी-अधिक होऊ शकते. प्रत्यक्षात फळी इतक्या लवकर हवेशी जुळवून घेत नाही, म्हणून बदल याहून कमी दिसतो. पण दिशा हीच. गोव्याची हवा वर्षभर दमट. तेथे हा झोका लहान, परंतु बुरशी, वाळवी आणि लाकूड पोखरणारा भुंगा यांचे भय मोठे. कोरड्या प्रदेशात फळी फाटते, दमट प्रदेशात ती आतून पोकळ होते, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

चित्र म्हणजे केवळ फळी नव्हे. फळीवर सरसाचा हात, त्यावर खडू किंवा चुनखडी सरसात कालवून दिलेला पांढरा लेप, त्यावर जवसासारख्या तेलात घोटलेले रंग, आणि शेवटी राळेचे वार्निश, अशी ही रचना असते. यांपैकी फळी हलते; वरचे थर वयपरत्वे कडक होत जातात आणि त्यांना हलता येत नाही. परिणामी लेप फळीपासून सुटतो, रंगाला बारीक भेगा पडतात, पापुद्रे उभे राहतात. फळीच्या मागच्या बाजूला लेप नसल्याने ओल तिकडून अधिक वेगाने येते-जाते, आणि फळी हळूहळू कमानीसारखी वाकते.

या वाकण्यावर एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात जो उपाय सर्रास केला जाई तो रोगापेक्षा भयंकर ठरला. फळी मागून तासून पातळ करावी आणि तिच्यावर लाकडी पट्ट्यांची जाळीदार चौकट बसवावी, म्हणजे ती सरळ राहील, अशी ही कल्पना. पट्ट्या सरकत्या ठेवलेल्या असत. पण काळाने त्या अडकून बसत, फळीला हालचालीस वाव उरत नसे, आणि मग ती चौकटीच्या रेघांवर फाटे. त्याहून धाडसी उपाय फ्रान्समध्ये झाला. १७५० मध्ये पिको या दुरुस्तीकाराने आंद्रेआ देल सार्तोच्या चित्राचा रंग लाकडावरून उतरवून कापडावर चढविला आणि लोकांनी त्याची वाहवा केली. चित्र वाचले, पण ते ज्या फळीवर जन्मले ती फळी, तिचे जोड, मागच्या खुणा, करवतीचे व रंध्याचे ओरखडे, हा सारा पुरावा नष्ट झाला. चित्राचा चेहरा म्हणजेच चित्र, असे मानल्याचे हे फळ होय.

५

आता पुन्हा गोव्याकडे वळू. तेथील फलक एकाहून अधिक वेळा नव्याने रंगविले गेले, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. या पुनर्रंगकामात हात, पोशाख, पार्श्वभूमी व लेख यांना स्पर्श झाला. नावे नव्याने लिहिताना चेहरा आणि नाव यांचा मेळ सर्वत्र राहिला असे मानता येत नाही. अल्बुकर्कच्या फलकाची क्ष-किरणांनी व अन्य साधनांनी झालेली तपासणी, वरचे चित्र आणि आतले चित्र या दोन भिन्न गोष्टी आहेत हे दाखविणारी ठरली.

या दुरुस्त्यांवर आजवर बहुधा एकाच सुराने टीका होत आली आहे: अडाणी हातांनी मूळ कलाकृती बिघडविली. ही टीका अंशतः रास्त असली तरी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दुरुस्तीकारांना काय साधावयाचे होते, हा प्रश्न ती विचारीतच नाही.

आपल्याकडे जीर्णोद्धार या शब्दाला जो अर्थ आहे तो येथे उपयोगी पडतो. देवळाचा जीर्णोद्धार करणारा माणूस जुन्या दगडाचे वय जपण्यासाठी ते काम करीत नाही. देवाची पूजा अखंड चालावी म्हणून करतो. मूर्तीवर शेंदूर चढविणारा पुजारी खालचा दगड झाकतो असे त्याला वाटत नाही. तो देवाला नित्य नवा करतो. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचा साचलेला थर उतरविला गेला आणि खालचे रूप दिसू लागले, तेव्हा भाविकांत आनंद होता तसेच कुतूहलही होते. कारण पिढ्यान्‌पिढ्या ज्या रूपाला हात जोडले ते रूप शेंदराचे होते. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर २०१५ मध्ये झालेल्या रासायनिक संवर्धनानंतर जी चर्चा माजली तिच्या मुळाशीही हाच पेच होता: मूर्ती पूजेची की पुराव्याची?

विजरईंच्या चित्रांचे पोर्तुगीज दरबारातील स्थान मूर्तीसारखेच होते. तेथे चित्रकाराच्या कुंचल्याला महत्त्व नव्हते. अधिकारपदाच्या अखंडतेला होते. एखादा फलक काळवंडला, किडला, पापुद्रे सुटले, तर मालिकेत खंड पडल्यासारखे होई, आणि खंड दिसणे हे सत्तेला परवडणारे नव्हते. म्हणून तो फलक पुन्हा रंगविला जाई. दुरुस्तीकाराने चित्राचा उद्धार केला नाही, पदाचा केला. जुने गोवे ओस पडत असताना आणि राज्याचा विस्तार आकसत असताना ही चित्रे अधिकाधिक टवटवीत होत गेली, ही विसंगती मोठी बोलकी आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे वरचा थर हा केवळ मळ राहत नाही. तोही इतिहासाचा एक दस्तऐवज ठरतो.

६

मग पुढे काय करावे? दोन पक्ष संभवतात.

पहिला पक्ष म्हणेल: वरचे सर्व थर उतरवावेत आणि १५४७ चे चित्र उघडे करावे. या पक्षाला एक भक्कम आधार बेल्जियममधील गेंट येथील वेदीचित्राने मिळवून दिला आहे. १४३२ मध्ये पूर्ण झालेले व्हॅन आयिक बंधूंचे हे ओक लाकडावरील चित्र. २०१२ पासून त्याचे संवर्धन हाती घेतले गेले तेव्हा सोळाव्या शतकातील पुनर्रंगकामाने मूळ चित्राचा फार मोठा भाग झाकला आहे असे आढळले. तो थर उतरविल्यावर मध्यभागीच्या कोकराचा मूळ चेहरा बाहेर आला, आणि त्याचे जवळजवळ मानवी भासणारे डोळे पाहून पुष्कळांना धक्का बसला. परंतु जे सत्य ते सत्य.

तथापि या उदाहरणातील एक अट विसरता कामा नये. थर उतरविण्याचा निर्णय झाला तो आधीच्या दीर्घ तपासणीने खालचे चित्र सुस्थितीत आहे असे सिद्ध झाल्यानंतर. गोव्याच्या फलकांविषयी असे सरसकट गृहीत धरणे धोक्याचे. दमट हवा, कीड, स्थलांतरे आणि अनेक हात यांतून गेलेल्या फळीवर खालचे चित्र अखंड असेलच असे नाही. वरचा थर काढला आणि खाली चेहऱ्याऐवजी लेपाचे डाग निघाले, तर आपण एकोणिसावे शतकही गमावू आणि सोळावेही. उतरविलेला रंग परत चढविता येत नाही.

दुसरा पक्ष म्हणेल: आहे तसे राहू द्यावे. हा पक्ष सावध आहे, पण सावधपणाच्या नावाखाली तो अनेकदा आळसाचे समर्थन करतो. लाकूड कोणाच्या निर्णयाची वाट पाहत नाही. पापुद्रा सुटू लागला असेल तर तो न चिकटविणे म्हणजे त्याला पडू देणे होय. शिवाय, वरचा थर हाच कायमचा शेवटचा शब्द मानला, तर त्या निनावी कोकणी चित्रकाराला आपण दुसऱ्यांदा पुसून टाकतो.

या दोन पक्षांच्या मधली वाट तडजोडीची नाही, क्रमाची आहे. प्रथम लाकूड, मग ज्ञान, मग निर्णय. फळी स्थिर करणे, कीड मारणे, सुटलेले थर परत बसविणे, दालनातील हवेचे चढउतार आटोक्यात ठेवणे, हे काम कोणत्याही पक्षाला मान्य व्हावे. त्यानंतर चित्राला हात न लावता जे समजून घेता येते ते समजून घ्यावे. शिसेयुक्त पांढरा रंग क्ष-किरण अडवितो, म्हणून आतल्या आकृतीचे उजळ भाग क्ष-चित्रात उमटतात. अवरक्त किरणांना कोळशाची काळी रेघ दिसते, म्हणून रंगाखालचे मूळ रेखाटन पाहता येते. अतिनील प्रकाशात ताजे पुनर्रंगकाम बहुधा जुन्या वार्निशापेक्षा गडद दिसते. रंगद्रव्येही साक्ष देतात: प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आरंभी सापडलेला, जस्ताचा पांढरा तैलचित्रांत एकोणिसाव्या शतकात रुळलेला, टिटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला. यांपैकी एखादा रंग ज्या थरात आढळला तो थर १५४७ चा असूच शकत नाही. एवढ्या साधनांनी प्रत्येक फलकाचा थरवार नकाशा तयार होऊ शकतो.

याच्या जोडीला हस्तलिखितांतील चित्रे ठेवावीत. १५६० च्या सुमाराचे लिझुआर्ते द आब्रेऊ याचे पुस्तक न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. त्यात या अधिकाऱ्यांच्या रंगीत आकृती आहेत. सतराव्या शतकातील पेद्रो बार्रेतो द रेझेंदे याच्या ग्रंथातही अशा आकृती आहेत. या आकृती फलकांवरूनच घेतल्या असे सरसकट मानण्याचे कारण नाही. परंतु क्ष-चित्रात दिसणारी दाढीची ठेवण किंवा टोपीचा आकार त्यांच्याशी ताडून पाहता येतो. येथे रसायनज्ञाचा आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याचा मार्ग एक होतो.

निर्णय शेवटी, आणि तो प्रत्येक फलकापुरता वेगळा. जेथे खालचे चित्र अखंड असल्याचे दिसेल आणि वरचा थर पूर्णपणे नोंदला गेला असेल, तेथे तो उतरविण्याचा विचार करावा. जेथे शंका असेल तेथे थांबावे. थांबणे हीही कृती आहे. फ्लॉरेन्समध्ये १९६६ च्या नोव्हेंबरातील महापुरात वासारीचे ‘अंतिम भोजन’ हे १५४६ मधले, म्हणजे आपल्या मालिकेहून अवघ्या एका वर्षाने जुने, प्रचंड फलकचित्र बारा तासांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले. रंगावर कागद चिकटवून ते जवळजवळ चार दशके तसेच ठेवले गेले, कारण भिजून आकसलेल्या फळ्यांना धक्का न लावता रंग वाचविण्याची रीत तेव्हा हाती नव्हती. ती हाती आल्यावर काम झाले आणि २०१६ मध्ये चित्र पुन्हा लोकांसमोर आले. त्या चाळीस वर्षांत कोणी उत्साहाने त्याच्यावर रंगाचा हात फिरविला असता तर आज पाहावयास काही उरले नसते.

७

सद्‌हेतूने झालेल्या घाईचे उदाहरण शोधण्यासाठी आपणांस इटलीला जाण्याचे कारण नाही. निझाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटालियन दुरुस्तीकार चेक्कोनी व त्याचा सहायक ओर्सिनी यांना अजिंठ्यास आणविले. त्यांनी भिंतीपासून सुटलेला गिलावा परत बसविला, आणि हे काम उपकारकच होते. पण त्यांनी चित्रांवर लाखेचे वार्निशही दिले. ते कालांतराने पिवळे-तपकिरी पडले, त्याला भेगा गेल्या, आणि पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना वर्षानुवर्षे ते उतरवीत बसावे लागले. एकाच माणसाच्या एकाच मोहिमेत उत्तम आणि सदोष काम शेजारी शेजारी नांदू शकते. तेव्हा दुरुस्तीकाराला सरसकट दोष देणे किंवा सरसकट गौरविणे ही समीक्षा नव्हे. प्रत्येक कृतीचा वेगळा हिशेब मांडणे ही समीक्षा होय. आणि हा हिशेब मांडता यावा म्हणून, काय केले, कशाने केले, कोठे केले, हे लिहून ठेवणे हे दुरुस्तीकाराचे पहिले कर्तव्य ठरते. गोव्याच्या फलकांवर काम केलेल्या जुन्या हातांविषयी आपली खरी तक्रार त्यांनी रंग दिला ही नाही. त्यांनी लिहून ठेवले नाही, ही आहे.

इटालियन विचारवंत चेझारे ब्रांदी याने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सिद्धांतात असे मांडले की दुरुस्तीने कलाकृतीची एकात्मता परत आणावी, पण त्यासाठी खोटेपणा करू नये आणि तिच्या कालप्रवासाच्या खुणा पुसू नयेत. गळलेला भाग बारीक उभ्या रेषांनी भरावा, म्हणजे दुरून चित्र सलग दिसते आणि जवळ गेल्यावर नवा भाग कोणता हे ओळखता येते, ही रीत त्या विचारातून आली. दुरुस्तीने आपण दुरुस्ती असल्याचे कबूल करावे, ही त्यातील नैतिक मागणी विजरईंच्या प्रत्येक फलकाला लागू पडते.

८

शेवटी नागपूरविषयी दोन शब्द. लाकडी फलकांवरील तैलचित्रांची अशी मालिका आपल्या शहरात नाही. परंतु महाल भागातील जुन्या वाड्यांची लाकडी तक्तपोशी, रंगविलेले खांब व दारे, घरोघरचे देव्हारे, हे सारे रंगीत लाकूडच आहे, आणि त्याच्यावर सणासुदीला बाजारातील तैलरंगाचा नवा हात देण्याची प्रथा सर्वांच्या परिचयाची आहे. त्या रंगाखाली काय आहे हे पाहण्याची सवड कोणाला होत नाही. वाडा पाडला जातो तेव्हा ते लाकूड जळाऊ वखारीत किंवा जुन्या सामानाच्या बाजारात जाते. आपल्या हवेचा झोका गोव्यापेक्षा मोठा आहे, हे वर आलेच आहे. म्हणून येथे वेळही थोडा आहे.

साधनांची उणीव हे कारण पुढे करण्यात अर्थ नाही. शहरात १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय आहे. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रसंस्थेत, जी २०२३ पासून स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे, तेल आणि रंगलेप यांचे शास्त्र कित्येक पिढ्या शिकविले गेले आहे. जवसाचे तेल कसे सुकते, का पिवळे पडते, का तडकते, हे तेथील विद्यार्थी जाणतात. जुन्या चित्राचा इतिहास वाचणारे विद्यार्थी आपल्या विभागात आहेत. या दोघांनी एकाच रंगीत दारासमोर कधी उभे राहून पाहिले नाही, एवढीच उणीव आहे. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संवर्धनाचा विभाग चालतो. अवघड प्रसंगी त्यांचा सल्ला घेता येईल. परंतु एखाद्या वाड्याची तक्तपोशी उतरविली जाण्यापूर्वी तिची मापे घेणे, छायाचित्रे काढणे, फळ्यांचे जोड व मागच्या खुणा टिपणे, सुटलेल्या पापुद्र्याच्या कडेला रंगाचे किती थर दिसतात ते मोजणे, यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका सत्राच्या कामात हे बसू शकते.

गोव्यातील त्या निनावी चित्रकाराचे नाव आता बहुधा कधीच कळणार नाही. त्याचा हात मात्र, वरच्या थरांखाली, अजून वाचता येण्याची शक्यता आहे. आणि तो हात वाचता येतो की नाही, हे पुढील दुरुस्तीकार किती घाई करतो यावर ठरेल. विदर्भातील रंगीत लाकडावर काम केलेल्या हातांची नावेही अशीच नाहीशी झालेली आहेत. त्यांच्या बाबतीत लाकूडही नाहीसे होऊ न देणे एवढे तरी आपल्या हातचे आहे.